लेव्हल ऑल दाबायच्या आधी

मार्चमधली गोष्ट. बुधवार होता, रात्रीचे साडेनऊ वाजून गेले होते आणि मला अनोळखी नंबरवरून फोन आला. "ताई, तुमच्या कंपनीत प्रोग्रॅमिंगला आहे ना, त्याची आई बोलतेय. तो फोन उचलत नाहीये. जेवायला येईल का हो तो?" माझं जेवण कधीच उरकलं होतं. मी कंपनीत फोन लावला तर वॉचमन दादा म्हणाले, ते बसलेत की पॅनलसमोर स्टूल टाकून, फोन तिकडे ऑफिसात चार्जिंगला आहे. आईंना कळवलं, त्याला निरोप दिला. पण मग मला काही झोप येईना, कारण त्याच्या त्या आठवड्याचं प्लॅनिंग मीच केलं होतं आणि माझ्या प्लॅनमध्ये तो रोज पाच वाजता मोकळा होत होता.

मी भोसरी एमआयडीसीत एका छोट्या कंपनीत प्लॅनिंग बघते. आम्ही कंट्रोल पॅनल बनवतो. म्हणजे ड्रॉइंग, मटेरियल, वायरिंग, पीएलसीचं (मशीन चालवणाऱ्या छोट्या कंप्युटरचं) लॉजिक, मग कस्टमर येऊन आमच्या शॉपमध्ये टेस्टिंग बघतो त्याला एफएटी म्हणतात, मग डिस्पॅच आणि शेवटी साइटवर जाऊन कमिशनिंग, म्हणजे सगळं चालू करून देणं. माणसं मोजकीच, त्यामुळे एकच माणूस तीन-तीन कामांत असतो आणि प्रत्येक कस्टमरला वाटतं तो फक्त आपलाच आहे. प्लॅनिंग मायक्रोसॉफ्ट प्रोजेक्टमध्ये करते, आणि इतके दिवस दर प्रोजेक्टची फाइल वेगळी ठेवत होते.

तिथेच सगळं होतं. त्या रात्री लॅपटॉप उघडून बसले तर चाकणच्या पंपहाउसच्या फाइलमध्ये हा प्रोग्रॅमर १०० टक्के कामाला, सगळं व्यवस्थित. रांजणगावच्या कन्व्हेयरच्या फाइलमध्ये १०० टक्के, तिथेही व्यवस्थित. डेअरीच्या कमिशनिंगमध्ये ५० टक्के, तेही व्यवस्थित. एखाद्यावर झेपेल त्यापेक्षा जास्त काम पडलं की सॉफ्टवेअर त्याला लाल दाखवतं, पण कुठल्याच फाइलमध्ये लाल काही नाही, कारण एका फाइलला दुसरी फाइल आहे हेच माहीत नाही. मग मी सगळ्या माणसांची एक वेगळी फाइल केली आणि रिसोर्स टॅबवरच्या रिसोर्स पूलमधून शेअर रिसोर्सेस करून तिन्ही प्रोजेक्ट त्याला जोडले. जोडल्याजोडल्या त्याच्या नावापुढे २५० टक्के आलं. एका माणसाच्या आठवड्यात अडीच माणसांचं काम, आणि ते गेले दहा दिवस तसंच चाललं होतं. मार्चएंडला प्रत्येकाला ३१ तारखेच्या आत बिल काढायचं असतं हे कारण आहेच, पण ते दिसायला तरी हवं होतं ना, ते कोणालाच दिसत नव्हतं.

जे लोक एक्सेलमध्ये प्रत्येक जॉबची वेगळी शीट करून प्लॅनिंग करतात त्यांना माझं पहिलं सांगणं हेच आहे, बाकी काही जमो न जमो, माणसं एका ठिकाणी आणा. सॉफ्टवेअर कुठलं का असेना, प्रोजेक्टलिब्रे फुकट मिळतं, ते घ्या.

आता लाल दिसलं म्हटल्यावर मी तेच केलं जे सगळे करतात. तिन्ही फाइल्स एका मास्टर फाइलमध्ये घातल्या आणि लेव्हल ऑल दाबलं, म्हणजे सगळ्यांवरचा जादा भार सॉफ्टवेअरलाच काढायला सांगितलं. दोन सेकंदात लाल गायब, आणि डेअरीचं कमिशनिंग जे मार्चच्या मध्यात संपणार होतं ते उडून एप्रिलमध्ये. सकाळी सरांना दाखवलं. सर स्क्रीनकडे बघत राहिले आणि म्हणाले, "हे आपण कस्टमरला सांगायचं? की सॉफ्टवेअर म्हणालं म्हणून?" त्यांचा राग बरोबर होता, मला उत्तर देता आलं नाही. क्लिअर लेव्हलिंग करून सगळं पूर्वीसारखं केलं आणि त्या दिवसापासून हा विषय नीट शिकायला बसले.

तर लेव्हलिंग नक्की काय करतं ते आधी सांगते, कारण बऱ्याच जणांना वाटतं की ते काम माणसांमध्ये वाटून देतं. तसं ते अजिबात करत नाही. ते फक्त दोन गोष्टी करतं, काम पुढे ढकलतं किंवा कामाचे तुकडे करून मध्ये गॅप टाकतं. एकाचं काम दुसऱ्याला देत नाही, १०० टक्क्यांचं ५० करत नाही, कोणाला काय येतं याचा विचार करत नाही. म्हणजे भार हलका करायचा त्याला एकच मार्ग माहीत आहे तो म्हणजे तारीख. लेव्हलिंग गँट नावाचा व्ह्यू आहे (गँट म्हणजे कामांच्या आडव्या पट्ट्यांचा तक्ता) त्यात आधीचा बार आणि नंतरचा बार वर-खाली दिसतात, आणि लेव्हलिंग डिले नावाचा कॉलम आहे त्यात किती ढकललं ते कळतं. तो आकडा सुट्ट्या धरून सरसकट दिवसांचा असतो, कामाच्या दिवसांचा नाही, मी सुरुवातीला त्यात फसले होते.

आणि ते सगळ्यात चांगला मार्ग शोधतं असंही नाही, एक चालणारा मार्ग शोधतं. कारण हा प्रश्नच तसा अवघड आहे. फक्त १० कामं कुठल्या क्रमाने करायची एवढंच धरलं तरी ३६,२८,८०० क्रम होतात. माणसं मर्यादित असताना सगळ्यात कमी वेळाचं वेळापत्रक काढणं हे गणिताच्या भाषेत एनपी-हार्ड आहे हे १९८३ मध्येच सिद्ध झालंय, म्हणजे प्रोजेक्ट मोठा झाला की नेमकं सर्वोत्तम उत्तर हमखास आणि झटपट काढून देणारी पद्धत कोणाकडे नाही. क्रिटिकल पाथची, म्हणजे शेवटची तारीख ठरवणारी कामांची साखळी शोधायची पद्धत १९५० च्या दशकाच्या शेवटी ड्यूपाँ आणि रेमिंग्टन रँड या कंपन्यांच्या लोकांनी बसवली, त्याच सुमाराला अमेरिकन नौदलाच्या पोलॅरिस क्षेपणास्त्रासाठी पर्ट ही तशीच पद्धत आली, आणि या दोन्हींचा मूळ हिशोब कशानंतर काय आणि किती दिवस एवढाच आहे. एकाच वेळी दोन कामं आली आणि दोन्हींना एकच माणूस लागला तर काय, हे त्या हिशोबात वरून घालावं लागतं. आपण जे घालू तेच.

मग मी बघितलं की मी काय घातलं होतं.

पहिलं म्हणजे कॅलेंडर. प्रोजेक्टचं स्टँडर्ड कॅलेंडर सोमवार ते शुक्रवार, शनिवार-रविवार सुट्टी. भोसरीत बऱ्याच कारखान्यांना गुरुवारची सुट्टी असते, आम्हालाही गुरुवारचीच आहे, आमचा आठवडा शुक्रवारी सुरू होतो आणि बुधवारी संपतो. म्हणजे माझ्या फाइलमध्ये लोक गुरुवारी काम करत होते आणि रविवारी घरी होते, प्रत्यक्षात नेमकं उलटं. आठवड्याचे तास ४० धरलेले, आमचे ४८. आणि साइटवर कस्टमरची सुट्टी रविवारची असेल तर कमिशनिंगच्या कामाला पुन्हा वेगळं टास्क कॅलेंडर लावावं लागतं, नाहीतर सॉफ्टवेअर आमच्या माणसाला रविवारी बंद गेटसमोर उभं करतं. हे सगळं बदलायला मला अर्धा दिवस लागला. हा अर्धा दिवस दोन वर्षं आधी द्यायला हवा होता.

दुसरं म्हणजे ते १०० टक्के. याच्यावर मी जरा जास्त बोलणार आहे कारण मला वाटतं घोळाचं मूळ इथे आहे. मी प्रोग्रॅमरला म्हटलं, बाबा रे, दोन आठवडे एक वही ठेव, प्लॅनमध्ये नसलेलं जे काही करतोस ते लिही. त्याने मनापासून लिहिलं. जुन्या कस्टमरचे फोन, "साहेब मोटर ट्रिप होतेय, जरा ऑनलाइन बघता का", वायरिंगवाल्यांच्या शंका, परचेसला पार्ट नंबर सांगणं, सेल्सबरोबर कस्टमरकडे जाऊन बसणं. रोजचे सरासरी २ तास निघाले. म्हणजे ८ तासांपैकी प्रोजेक्टला ६, म्हणजे ७५ टक्के. म्हणून मी त्याचे मॅक्स युनिट्स, म्हणजे प्रोजेक्टला जास्तीत जास्त किती टक्के वेळ मिळेल तो आकडा, ७५ केले. पण इथे एक गंमत आहे ती लक्षात ठेवा, मॅक्स ७५ केलं आणि कामावर तो १०० नेच लावलेला राहिला तर लाल जातच नाही कितीही लेव्हल करा, कारण मघाशी म्हटलं तसं लेव्हलिंग युनिट्सला हात लावत नाही. प्रत्येक कामावरही ७५ करावं लागतं. केलं की ४८ तासांचं काम ६ दिवसांऐवजी ८ दिवसांचं होतं, ९६ तासांचं १२ ऐवजी १६ दिवसांचं. ते आकडे बघून पोटात गोळा येतो. पण तो ती कामं ६ आणि १२ दिवसांतच करत होता, फरक एवढाच की वरचे तास तो रात्री भरत होता आणि त्याची आई जेवायला थांबत होती.

ऑफिसात यावर बरंच बोलणं झालं. एक मत असं पडलं की ७५ लिहिलं की लोक ७५ च काम करतील. मी तेव्हाही नाही म्हटलं आणि आजही नाहीच म्हणेन. ते २ तास कुठेतरी जातातच, फाइलमध्ये लिहा नाहीतर लिहू नका.

तिसरा मुद्दा थोडं थोडं दोन्हीकडे करण्याचा. कोणी ओरडायला नको म्हणून मी काय करायचे, दोन कामं एकाच आठवड्यात आली की दोन्हीवर ५०-५० टक्के टाकायचे. बेरीज १०० होते, लाल दिसत नाही, दोन्ही कस्टमरना सांगता येतं की काम चालू आहे. आता सोपं गणित बघा. दोन कामं, प्रत्येकी एका पूर्ण आठवड्याची. एक संपवून दुसरं घेतलं तर पहिलं या बुधवारी संपतं, दुसरं पुढच्या बुधवारी. ५०-५० केलं तर दोन्ही पुढच्या बुधवारी संपतात. म्हणजे दुसऱ्या कस्टमरला काडीचा फायदा झाला नाही आणि पहिल्याचा आठवडा आपण फुकट घालवला. आणि हे कागदावरचं, प्रत्यक्षात तर सकाळी पंपांचं लॉजिक आणि दुपारी कन्व्हेयरचं म्हटल्यावर त्याचा निम्मा वेळ आपण काल कुठे होतो हे आठवण्यात जातो. हे त्यानेच मला सांगितलं, म्हणाला ताई तुम्ही मला एक काम द्या, ते संपलं की दुसरं द्या, मी दोन्ही लवकर देतो. मी ऐकलं आणि खरंच चाकणचं एफएटी ठरल्या दिवशी झालं.

पण सगळं एकामागे एक लावायचं म्हटलं की पहिलं कोण हा प्रश्न येतो, आणि तो सॉफ्टवेअरचा प्रश्न नाहीये. प्रोजेक्टमध्ये प्रायॉरिटी ० ते १००० असते, आपण काही बदललं नाही तर सगळ्याला ५००, आणि १००० दिलेल्या कामाला लेव्हलिंग हात लावत नाही. मी सेल्सला विचारलं कुठल्या जॉबला किती देऊ. पंपहाउसला १००० म्हणाले. कन्व्हेयरला? त्यालाही १०००, तो कस्टमर फार जुना आहे. डेअरीला? अहो दुधाचं काम आहे, तेही १०००. मी मुद्दाम तसंच घालून त्यांच्यासमोर लेव्हल केलं. काहीच हललं नाही, हा ओव्हरअलोकेशन (जादा भार) सोडवता येत नाही असा मेसेज आला. तेव्हा कुठे आम्ही टेबलावर बसलो, सर, सेल्स, मी आणि तो स्वतः, आणि चाळीस मिनिटांत ठरलं की आधी पंपहाउस, मग डेअरी, मग कन्व्हेयर, आणि कन्व्हेयरच्या कस्टमरला सेल्सने त्याच दिवशी फोन करून दहा दिवस मागितले. त्यांनी दिले. ते स्वतःच त्यांच्या सिव्हिलच्या कामात मागे होते.

आता मी १००० कोणालाच देत नाही. एफएटीला कस्टमरची माणसं गाडी करून येणार असतात, ती तारीख हलू द्यायची नसते, तिथे मस्ट स्टार्ट ऑन लावते म्हणजे लेव्हलिंग ते काम सोडून बाकीचं हलवतं. बाकी सगळ्यांना ३०० ते ८०० च्या मध्ये कुठेतरी, आणि लेव्हलिंग ऑप्शन्समध्ये ऑर्डर प्रायॉरिटी, स्टँडर्ड ठेवते म्हणजे आधी आपला आकडा बघितला जातो. तिथेच अजून दोन-तीन सेटिंग आहेत ती पटकन सांगते. ऑटोमॅटिक ठेवू नका, मॅन्युअल ठेवा, नाहीतर तुम्ही आकडे भरताय तोवर तारखा हलायला लागतात. भार कुठल्या मापाने तपासायचा, मिनिट, तास, दिवस, आठवडा की महिना, हे निवडता येतं. आमच्यासारख्या ठिकाणी आठवडा बरा, कारण एखाद्या दिवशी १० तास आणि दुसऱ्या दिवशी ६ हे चालतंच. मिनिटावर ठेवलं तर दोन तास-तासाची कामं दोन्ही सकाळी आठला सुरू दाखवलीत एवढ्यावरून माणूस लाल होतो, दिवसभर रिकामा असला तरी.

आणि लेव्हल ओन्ली विदिन अव्हेलेबल स्लॅक. हे मला फार आवडतं. याच्यात प्रोजेक्टची शेवटची तारीख न हलवता, ज्या कामांना पुढे-मागे व्हायला जागा आहे तेवढीच हलतात. सगळं लाल जात नाही, काही उरतं. पुस्तकात याला लेव्हलिंग न म्हणता स्मूदिंग म्हणतात. मी आधी नेहमी हेच चालवून बघते. वायरिंगचा लोड यात छान बसतो, कारण मटेरियल येण्याच्या आणि एफएटीच्या मध्ये तिथे बहुतेक वेळा चार-पाच दिवस मोकळे असतात. आणि हे करून जे लाल उरतं ना, ती आपली खरी अडचण. तेवढीच यादी घेऊन मी बुधवारच्या मीटिंगला जाते. आधी मी अख्खा गँट घेऊन जायचे आणि कोणी बघायचं नाही.

मीटिंगमध्ये टीम प्लॅनर उघडते. तो फक्त प्रोफेशनल आवृत्तीत आहे, २०१० पासून. एका रेषेत एक माणूस, त्याच्यापुढे त्याची कामं ठोकळ्यांसारखी, आणि एकाचा ठोकळा उचलून दुसऱ्याच्या रेषेत टाकता येतो. हे काम लेव्हलिंग कधीच करणार नाही, हे माणसांनीच करायचं. आणि समोर ती माणसं बसलेली असताना केलं की कळतं, हे त्याला जमेल, हे नाही जमणार, हे जमेल पण आधी दोन दिवस कोणीतरी दाखवायला हवं.

त्यावरून आठवलं, नवीन मुलगी ट्रेनी म्हणून लागली तेव्हा मी तिला हौसेने प्रोग्रॅमरच्या कामावर दुसरी म्हणून जोडलं. टास्क एफर्ट ड्रिव्हन होतं, म्हणजे माणूस वाढला की एकूण तास तेवढेच राहून वाटले जातात, त्यामुळे ८० तासांचं काम दोघांत ४०-४० वाटलं गेलं आणि १० दिवसांचे ५ झाले. फाइल खूश. तिला तर अजून सॉफ्टवेअर इन्स्टॉल करून मिळालं नव्हतं. आता तिचं शिकणं हे वेगळं काम म्हणून टाकते आणि त्याच्या वेळातला तिला शिकवण्याचा वेळही वेगळा टाकते, रोज एक तास. तसाच प्रवास. भोसरीहून रांजणगावला जाऊन यायचं म्हणजे अख्खा दिवस मोडतो, आणि चाकणला नाशिक रोडवर किती वेळ लागेल ते तिथून रोज जाणाऱ्याला विचारा. "साइट व्हिजिट, २ तास" असं लिहायचं मी बंद केलंय.

एक गोष्ट मात्र यातल्या कुठल्याच बटणाने सुटलेली नाही. आमचे वायरिंगचे काका. मोठ्या पॅनलची शेवटची टर्मिनेशन (वायरची टोकं जोडणं) आणि तपासणी त्यांच्याशिवाय कोणी करत नाही, करू शकतही नाही. फाइलमध्ये ते कधी लाल नसतात, कायम ९०-१०० च्या आत, दिसायला एकदम व्यवस्थित. पण ते दोन दिवस नसले की मागची सगळी कामं थांबतात. सॉफ्टवेअरला भार कळतो, हे एकट्याच्या खांद्यावर असणं त्याला कळत नाही. जुलैनंतर काम जरा कमी असतं तेव्हा त्यांच्या हाताखाली एक जण पूर्ण वेळ द्यायचा असं मी सरांकडून कबूल करून घेतलंय, फाइलमध्ये नावासकट टाकलंय, प्रायॉरिटी ८००.

तोवर वारी आहेच. काका दरवर्षी माऊलींबरोबर पुण्याहून सासवडपर्यंत चालतात, दिवे घाट चढून. इतकी वर्षं ते आदल्या दिवशी रजेचा अर्ज द्यायचे आणि मी धावपळ करायचे. तिथीवर असल्यामुळे तारीख दरवर्षी हलते, एकदा टाकून विसरता येत नाही, म्हणून यंदा पंचांग बघून मे मध्येच त्यांच्या रिसोर्स कॅलेंडरमध्ये सुट्टी घातली. परवा चहाला भेटले तेव्हा म्हटलं, काका तुमची सासवडपर्यंतची रजा टाकून ठेवलीय बरं का. तर म्हणाले, "यंदा जेजुरीपर्यंत जाईन म्हणतो गं, पाय चालतायत तोवर." सासवडला पालखीचा एक दिवस जास्त मुक्काम असतो, मग पुढची चाल जेजुरीची. दोन दिवस वाढवले, एक डिस्पॅच पुढे गेला, आणि सेल्सने कस्टमरला कालच कळवलं.